सर्व्हर क्लस्टर आणि ग्राफिकल कन्सोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लस्टर नव्याने हाती आलेल्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणारे अनेक सर्व्हर, त्यातला एकेक सर्व्हर म्हणजे नोड, आणि हे सगळं पाहायची-चालवायची स्क्रीन म्हणजे कन्सोल. उदाहरणं प्रामुख्याने प्रॉक्समॉक्स आणि व्हीस्फिअर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी), विंडोज फेलओव्हर क्लस्टर आणि पेसमेकर (नोड पडला की सेवा दुसऱ्यावर नेणारी), सेफ (अनेक नोडवर पसरलेलं स्टोरेज) आणि कुबरनेटीस (कंटेनर चालवणारं) यांची आहेत. सोपे प्रश्न आधी, अपवादाचे नंतर. जिथे एक उत्तर दुसऱ्यात गुंततं तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कमांड लाइन येत असताना ग्राफिकल सॉफ्टवेअर कशाला हवं?

कमांड लाइनवर तुम्ही विचाराल तेवढंच उत्तर मिळतं. तिसऱ्या नोडची मेमरी दोन आठवडे हळूहळू वर सरकतेय, हे कोणी विचारलं नाही तर कोणाला कळतही नाही. आलेखात ते पाहताक्षणी दिसतं. दहा-वीस नोड एका नजरेत यावेत, कोणता व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) कुठे चालतोय ते कळावं, यासाठी स्क्रीनला पर्याय नाही.

उलट एकच बदल चाळीस नोडवर करायचा असेल तर माऊस हातात घेऊ नका. विसाव्या नोडवर लक्ष उडतं आणि एक खूण करायची राहून जाते. अशा कामाला अँसिबल (एकच काम अनेक मशीनवर करणारं साधन) किंवा साधी स्क्रिप्ट बरी. पाहायला स्क्रीन आणि पुन्हा पुन्हा करायच्या कामाला स्क्रिप्ट, असं माझं सरळ मत आहे. पण कमांड लाइन अजिबात न शिकता फक्त कन्सोलवर विसंबू नका. का, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२. ब्राउझरमधलं पान बंद केलं किंवा कन्सोलचा सर्व्हरच पडला, तर क्लस्टरही बंद पडतं का?

पान बंद केल्याने काहीच होत नाही. कन्सोलचा सर्व्हर पडला तर काय होतं, ते रचनेवर ठरतं.

प्रॉक्समॉक्समध्ये वेगळा कन्सोल सर्व्हर नसतोच. प्रत्येक नोडवर ८००६ पोर्टवर तेच पान मिळतं आणि कुठूनही सगळं क्लस्टर चालवता येतं. एक नोड गेला तर दुसऱ्याचा पत्ता टाका. व्हीस्फिअरमध्ये व्हीसेंटर हा स्वतंत्र सर्व्हर आहे. तो पडला तरी चालू व्हीएम चालूच राहतात आणि एचए (होस्ट पडला की त्यावरचे व्हीएम दुसरीकडे सुरू करणारी सोय) सुद्धा काम करतं, कारण त्याचा एजंट प्रत्येक होस्टवर असतो. मात्र व्हीसेंटर परत येईपर्यंत डीआरएसचं लोड वाटप आणि व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) थांबतं. विंडोजचा फेलओव्हर क्लस्टर मॅनेजर तुमच्या मशीनवरचा निव्वळ एक प्रोग्राम आहे. क्लस्टर सर्व्हिस नोडवर चालते. कुबरनेटीसचा डॅशबोर्ड तर एक साधा पॉड (एक किंवा जास्त कंटेनरचा गट) आहे, तो काढून टाकला तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही.

नवीन क्लस्टर हाती आलं की हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. कन्सोल पडल्यावर उगाच घाबरून नोड रीबूट करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि खरं नुकसान त्या रीबूटने झालेलं असतं.

३. मग कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

बहुतेक वेळा निवड आधीच झालेली असते, कारण क्लस्टरचा कन्सोल क्लस्टरसोबतच येतो. निवडायचं असतं ते मॉनिटरिंग. झॅबिक्समध्ये माहिती गोळा करणं, आलेख आणि अलर्ट एकाच ठिकाणी मिळतात. प्रोमिथियस (आकडे गोळा करणारं) आणि ग्राफाना (आलेख दाखवणारं) ही जोडी कुबरनेटीससोबत सहज बसते. क्लस्टरचा स्वतःचा कन्सोल आणि मॉनिटरिंग या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा. जे क्लस्टर आजारी पडलंय, त्याच्याच आत त्याचं एकमेव मॉनिटरिंग चालत असेल तर अडचणीच्या वेळी दोन्ही एकदम जातात.

बसवताना एक बारीक अडचण येते. कॉकपिट (लिनक्स मशीन ब्राउझरमधून सांभाळायचं साधन) आणि प्रोमिथियस दोघांचंही मूळ पोर्ट ९०९० आहे. एकाच मशीनवर दोन्ही टाकले तर नंतर आलेला सुरूच होत नाही आणि लॉग वाचेपर्यंत कारण कळत नाही.

४. स्क्रीनवर सगळं हिरवं आहे, तरी लोक म्हणतात ‘स्लो चाललंय’. कोणाचं खरं मानू?

लोकांचं. हिरवा दिवा एवढंच सांगतो, की जे तपासायला सांगितलं होतं ते ठरवलेल्या मर्यादेत आहे. जे तपासायला सांगितलंच नाही, त्याबद्दल तो गप्प असतो.

सगळ्यात जास्त फसवते ती सरासरी. समजा सीपीयू एका मिनिटातली ६ सेकंद १०० टक्के चालला आणि उरलेली ५४ सेकंद १० टक्के. आलेखात त्या मिनिटासमोर १९ टक्के दिसतील. आपण म्हणणार, सर्व्हर तर आरामात आहे. त्या ६ सेकंदांत ज्याचं काम अडकलं, त्याच्या दृष्टीने मात्र सर्व्हर हँग होता. महिन्याचा आलेख उघडला की एकेका ठिपक्यात आणखी जास्त वेळ दाबून बसवलेला असतो आणि शिखरं आणखी सपाट होतात. म्हणून तक्रार आली की नेमकी वेळ विचारा आणि आलेख तेवढ्या दहा-पंधरा मिनिटांवर आणा. प्रोमिथियस मुळात दर १ मिनिटाला आकडे घेतं. बऱ्याच ठिकाणी ते १५ सेकंदांवर आणलेलं असतं. सीपीयूसारखी मापं वाढत जाणाऱ्या मोजणीतून काढलेली असतात, त्यामुळे मधल्या वेळेचा हिशोब निदान सरासरीत तरी येतो. रांगेची लांबी किंवा तापमान ही मापं फक्त त्या क्षणाची असतात. दोन क्षणांच्या मध्ये रांग तुंबली आणि मोकळी झाली, तर आलेखात तिचा मागमूस राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नोड ठणठणीत असणं आणि सेवा ठणठणीत असणं वेगळं. कन्सोल बहुधा नोडचं दाखवतो: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. वापरणाऱ्याला हवं असतं ते पान किती वेळात उघडलं. हे मोजायला क्लस्टरबाहेरून सेवेला विनंती पाठवणारी तपासणी लावा, आणि प्रतिसादाची सरासरी न पाहता ९५ वा किंवा ९९ वा पर्सेंटाइल पाहा, म्हणजे १०० पैकी ९५ किंवा ९९ विनंत्या जेवढ्या वेळात पूर्ण होतात तो वेळ. माझ्या डॅशबोर्डवर सगळ्यात वर हाच आलेख असतो आणि नोडचे आलेख त्याच्या खाली.

५. सीपीयू जवळजवळ रिकामा आणि लोड अ‍ॅव्हरेज ४०. हे कसं शक्य आहे?

लिनक्सवर अगदी शक्य आहे. तिथल्या लोड अ‍ॅव्हरेजमध्ये सीपीयूची वाट पाहणाऱ्या प्रोसेस तर मोजतातच, शिवाय डिस्कची किंवा एनएफएसची (नेटवर्कवरून वापरायच्या फाइल शेअरची) वाट पाहत अडकलेल्या, ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसही मोजतात. एनएफएस सर्व्हर गायब झाला की सीपीयू निवांत असतो आणि लोड चढत जातो. अशा वेळी सीपीयू वाढवून उपयोग नाही, स्टोरेजकडे जा.

फसवणारे आणखी दोन आकडे इथेच सांगतो. मेमरी ९५ टक्के वापरात दिसली तरी त्यातली बरीचशी फाइलींची कॅश असू शकते, जी गरज पडताच मोकळी होते. ‘फ्री’ न पाहता ‘अव्हेलेबल’ पाहा. लिनक्स कर्नल हा आकडा २०१४ पासून, म्हणजे ३.१४ आवृत्तीपासून देतो. आणि डिस्क ६० टक्केच भरलेली असूनही ‘जागा नाही’ अशी एरर आली, तर आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणारी नोंद) संपले का ते बघा. लाखो बारीक फाइली साठल्या की असं होतं. आयनोडचा आलेख सहसा कोणी लावलेला नसतो.

६. कोरम म्हणजे काय? दोन नोडचं क्लस्टर चालत नाही का?

कोरम म्हणजे बहुमत. एकूण मतांच्या अर्ध्याहून जास्त मतं ज्या बाजूला, तीच बाजू निर्णय घेते. ३ नोडमध्ये २ लागतात, ५ मध्ये ३. ४ मध्येही ३ लागतात, म्हणजे चौथा नोड घेऊन क्षमता वाढते, पण नोड पडणं सोसायची ताकद तीनइतकीच राहते.

दोन नोडमध्ये एक गेला की उरलेल्याकडे १ मत, म्हणजे नेमकं अर्धं, आणि ते पुरत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये अशा वेळी क्लस्टरची कॉन्फिगरेशन नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. चालू व्हीएम चालू राहतात. बंद व्हीएमवर ‘स्टार्ट’ दाबलं की ‘क्लस्टर नॉट रेडी – नो कोरम?’ असा संदेश येतो. स्टार्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबून काही होत नाही.

उपाय म्हणजे तिसरं मत. प्रॉक्समॉक्समध्ये त्यासाठी क्यूडिव्हाइस आहे: क्लस्टरबाहेरचं एक छोटं मशीन फक्त मत देतं. विंडोजमध्ये त्याला विटनेस म्हणतात; तो डिस्कचा, फाइल शेअरचा किंवा विंडोज सर्व्हर २०१६ पासून क्लाउडचा असू शकतो. हा साक्षीदार दोन नोडपैकी एकावरच्या व्हीएममध्ये मात्र ठेवू नका. तो नोड गेला की दोन मतं एकदम जातात.

अपेक्षित मतं हाताने १ वर आणायची कमांडही आहे. दुसरा नोड खरोखर बंद आहे हे स्वतः तपासल्याशिवाय ती वापरू नका. नेटवर्क तुटल्यामुळे तो फक्त दिसत नसेल, तर प्रश्न ८ मधली आपत्ती ओढवते.

७. प्रॉक्समॉक्समध्ये एका नोडवर करडं प्रश्नचिन्ह आलंय, पण त्यावरचे व्हीएम चालू आहेत. नोड मेला का?

नाही. नोड खरंच संपर्कात नसेल तर लाल फुली येते. करड्या प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘स्थिती कळत नाही’. नोडची माहिती गोळा करणारी पीव्हीईस्टॅटडी ही सर्व्हिस अडकली की असं दिसतं, आणि बहुतेक वेळा तिला अडकवतं ते एखादं स्टोरेज: बंद पडलेला एनएफएस शेअर, तुटलेलं बॅकअप सर्व्हरचं कनेक्शन. सर्व्हिस त्याच्या उत्तराची वाट पाहत बसते आणि बाकीची माहितीही तटते.

आधी ते स्टोरेज शोधा. कन्सोलमध्ये तात्पुरतं डिसेबल करा किंवा परत चालू करा. मग ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की चिन्ह सहसा जातं. नोड रीबूट करायची गरज नसते. व्हीएम सुखरूप चालू असताना निव्वळ प्रश्नचिन्ह घालवण्यासाठी नोड रीबूट करणं म्हणजे आपल्या हाताने सेवा पाडणं.

८. दोन नोडचे कन्सोल दोन वेगळी चित्रं दाखवतात. खरं कोणतं?

दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. प्रत्येक नोड त्याला जे दिसतं ते दाखवतो. मधलं नेटवर्क तुटलं की डावा म्हणतो उजवा गेला, उजवा म्हणतो डावा गेला.

कोरम असेल तर एकच बाजू काम करते आणि दुसरी थांबते. धोका असतो तो दोन्ही बाजू स्वतःला मालक समजू लागल्या तर. एकच डेटाबेस दोन ठिकाणी चालू होतो किंवा एकच फाइल सिस्टिम दोघे माउंट करतात आणि डेटाची वाट लागते. ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात ते हेच. म्हणून अशा वेळी कन्सोलवर कोणताही बदल करण्याआधी किमान दोन नोडवर जाऊन कोरमची स्थिती पाहा आणि बहुमत कुठे आहे ते ठरवा.

चित्रं किंचितच वेगळी असतील आणि लॉगमधल्या वेळा जुळत नसतील, तर घड्याळं तपासा. सेफचे मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हिस) ०.०५ सेकंदाच्या फरकालाच इशारा देतात, आणि करबेरॉस (लॉगिनसाठी ओळख पटवणारी पद्धत) मुळात ५ मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही. असं घड्याळ चुकलं की लॉगिनच होत नाही, आणि लोक पासवर्ड बदलत बसतात.

९. नोड आपोआप रीबूट झाला, कन्सोलवर कोणीच काही दाबलं नव्हतं. का?

बहुधा फेन्सिंगमुळे. प्रश्न ८ मधली वाट लागू नये म्हणून बेभरवशाचा नोड जबरदस्तीने बंद केला जातो. प्रॉक्समॉक्समध्ये एचए वापरणाऱ्या नोडचा कोरम गेला आणि ६० सेकंदांत परत आला नाही, तर वॉचडॉग (वेळेत खूण मिळाली नाही की मशीन रीबूट करणारा टायमर) त्याला रीबूट करतो. त्यानंतरच त्याच्यावरचे व्हीएम दुसरीकडे सुरू होतात.

कारण शोधायला हार्डवेअर नंतर उघडा, आधी नेटवर्क पाहा. नोडमधले संदेश पोचवणाऱ्या कोरोसिंकला कमी आणि स्थिर लेटन्सी (संदेश पोचायला लागणारा वेळ) लागते. प्रॉक्समॉक्सच्या सूचनेनुसार ५ मिलिसेकंदांच्या आत. बॅकअपही त्याच केबलवरून जात असेल, तर रात्री बॅकअप सुरू झाला की कोरोसिंकची पॅकेटं मागे पडतात. रीबूटची वेळ आणि बॅकअपची वेळ जुळतेय का पाहा. उपाय म्हणजे कोरोसिंकला स्वतंत्र लिंक आणि जमल्यास दुसरी राखीव लिंक.

पेसमेकरमध्ये याच कामाला स्टोनिथ म्हणतात. ‘सध्या बंद ठेवा’ असं सांगणारे बरेच धडे सापडतील. प्रयोगशाळेत ठीक, पण सामायिक डिस्क असलेल्या खऱ्या क्लस्टरवर स्टोनिथ बंद ठेवू नका.

१०. कुबरनेटीसचा नोड पडला, डॅशबोर्डवर ‘नॉट रेडी’ आलं, तरी पॉड हलत नाहीत. एचए कुठे गेलं?

थोडं थांबा. नोडकडून हालचाल नाही हे साधारण पाऊण मिनिटात जाहीर होतं, पण त्यावरचे पॉड काढायला मुळात ३०० सेकंद दिली आहेत. क्षणभर नेटवर्क गेलं म्हणून सगळे पॉड पळवू नयेत यासाठी ही उसंत असते. महत्त्वाच्या सेवेसाठी ती कमी करता येते. त्याहून चांगलं म्हणजे दोन-तीन प्रती वेगवेगळ्या नोडवर आधीच ठेवणं.

यालाही अपवाद स्टेटफुलसेटचा, म्हणजे ठरलेलं नाव आणि स्वतःचा डेटा असलेल्या पॉडच्या गटाचा. त्याचे पॉड पाच मिनिटांनंतरही ‘टर्मिनेटिंग’वर अडकून राहतात. जुना पॉड पलीकडे अजून चालू असेल का याची खात्री क्लस्टरला नसते, आणि एकाच नावाचे दोन पॉड एकाच डेटावर बसू नयेत म्हणून ते थांबतं. नोड खरंच बंद आहे हे बघून त्याला ‘आउट ऑफ सर्व्हिस’ टेंट (नोडवर लावायची खूण) लावला की मार्ग मोकळा होतो.

११. पॅच टाकायला नोड रीबूट करायचाय. थेट ‘रीबूट’ दाबलं तर चालेल का?

चालेल असं दिसेल, पण करू नका. आधी नोड रिकामा करा. विंडोजमध्ये ‘पॉज’ खाली ‘ड्रेन रोल्स’ आहे. कुबरनेटीसमध्ये ‘कॉर्डन’ने नवे पॉड येणं थांबतं आणि ‘ड्रेन’ने असलेले निघून जातात. नुसतं कॉर्डन करून नोड रिकामा झाला असं समजू नका. पेसमेकरमध्ये नोड ‘स्टँडबाय’वर टाका. तिथलाच ‘मेंटेनन्स मोड’ वेगळा: त्यात रिसोर्स जागच्या जागी चालत राहतात, फक्त क्लस्टर त्यांच्याकडे बघायचं थांबवतं. या अवस्थेत नोड रीबूट केला तर सेवा पडते आणि ती उचलायला कोणी येत नाही.

सेफ असेल तर रीबूटआधी ‘नोआउट’ फ्लॅग लावा. ओएसडी (एकेका डिस्कवरचा डेटा सांभाळणारी सेफची सर्व्हिस) डाउन झाल्यावर मुळात ६०० सेकंदांनी सेफ त्याला बाहेर धरतं आणि डेटाच्या प्रती दुसरीकडे बनवायला घेतं. दहा मिनिटांहून लांबलेल्या रीबूटसाठी टेराबाइटमध्ये डेटा हलवण्यात अर्थ नाही. काम संपलं की फ्लॅग काढा. तो लागलेला असेपर्यंत सेफ ‘हेल्थ वॉर्न’ दाखवत राहतं. एका वेळी एकच नोड, आणि ‘हेल्थ ओके’ आल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

१२. रोज शेकडो अलर्ट येतात, कोणी वाचतच नाही. काय करू?

अर्ध्याहून जास्त काढून टाका. प्रत्येक अलर्टला विचारा: हा आला तर कोणी तरी आत्ता उठून काही करणार आहे का? नसेल तर त्याची जागा आलेखात. ‘सीपीयू ९० टक्के’ असा अलर्ट मी ठेवत नाही; काम करणारा सीपीयू वापरला जाणारच. ‘डिस्क सध्याच्या वेगाने चार तासांत भरेल’ हा ठेवतो. क्षणिक उड्यांसाठी ‘इतकी मिनिटं सलग’ अशी अट घाला. आणि स्विच पडल्यावर त्यामागच्या वीस नोडचे वीस अलर्ट न येता एकच यावा, यासाठी प्रोमिथियसच्या अलर्टमॅनेजरमध्ये ग्रुपिंग (सारखे अलर्ट एकत्र करणं) आणि इनहिबिशन (मूळ अलर्ट चालू असताना त्यामागचे दाबून ठेवणं) आहे.

उलट बाजूही सांभाळा. दोन दिवस एकही अलर्ट आला नाही तर सगळं ठीक आहे की मॉनिटरिंगच बंद पडलंय? यासाठी कायम वाजत राहणारा एक अलर्ट बाहेरच्या सेवेकडे पाठवत ठेवतात. तो यायचा थांबला की बाहेरची सेवा तुम्हाला उठवते.

१३. घरूनही बघता यावं म्हणून कन्सोल इंटरनेटवर उघडा ठेवला तर?

ठेवू नका, व्हीपीएन वापरा. २०१८ मध्ये टेस्लाचा कुबरनेटीस कन्सोल पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडा असल्याचं रेडलॉक या सुरक्षा कंपनीने उघड केलं. शिरलेल्यांनी तिथे क्रिप्टो मायनिंग चालवलं होतं. ज्याच्या हाती कन्सोल, त्याच्या हाती सगळे नोड.

लॉगिनही प्रत्येकाचं वेगळं असू द्या. सगळे ‘रूट’ किंवा ‘अ‍ॅडमिन’ने शिरले, तर व्हीएम कोणी बंद केला ते टास्क लॉगमधून कधीच कळणार नाही. ज्यांना फक्त पाहायचंय त्यांना फक्त पाहण्याची भूमिका द्या, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा.

१४. कन्सोलचं पान उघडतच नाही. आता?

क्रमाने जा. दुसऱ्या नोडचा पत्ता टाकून पाहा. नोडला एसएसएच (दुरून मिळणारी कमांड लाइन) लागतो का पाहा. लागत असेल तर बहुधा फक्त वेब सर्व्हिस अडकली आहे किंवा सर्टिफिकेट संपलंय किंवा रूट डिस्क लॉगने भरली आहे. एसएसएचही लागत नसेल तर आयड्रॅक, आयएलओ किंवा आयपीएमआयवरून, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायच्या वेगळ्या कार्डावरून, मशीनची स्क्रीन पाहा. या कार्डांचं नेटवर्क आणि पासवर्ड त्याच क्लस्टरवर अवलंबून नसावेत. पासवर्डची तिजोरी त्याच क्लस्टरवरच्या व्हीएममध्ये असेल तर तिची एक प्रत आजच बाहेर काढून ठेवा.

१५. नोड क्लस्टरमधून काढला होता. दुरुस्त होऊन आलाय, तोच परत लावू का?

जसाच्या तसा लावू नका. प्रॉक्समॉक्समध्ये नोड आधी बंद करायचा, मग दुसऱ्या नोडवरून यादीतून काढायचा, आणि त्यानंतर जुन्या कॉन्फिगरेशनसह त्याच नेटवर्कवर तो पुन्हा चालू करायचा नाही. त्याच्या पोटात क्लस्टरची जुनी ओळख असते, आणि तो अजूनही स्वतःला सदस्य समजतो. नेटवर्क केबल काढूनच चालू करा, नव्याने इन्स्टॉल करा, मग सामील करा. सामील होताना त्यावर एकही व्हीएम असता कामा नये. असेल तर आधी बॅकअप घेऊन काढा आणि नंतर रिस्टोअर करा.